‘ईसीजी नॉर्मल’ असं लिहिण्याआधी

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत, तालुक्याच्या गावी आणि शहरांतल्या वस्त्यांमध्ये दवाखाना चालवणाऱ्या सर्व डॉक्टरांस,



रात्रीचे पावणेतीन वाजलेले. जिल्ह्याच्या गावातल्या एका अतिदक्षता विभागात चव्वेचाळीस वर्षांचा शेतकरी स्ट्रेचरवरून आत येतो. सदरा घामानं चिंब, चेहरा राखेसारखा, मूठ छातीवर दाबलेली. बायकोच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत औषधांची चिठ्ठी, पित्ताच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट आणि चार घड्या घातलेली ईसीजीची पट्टी. पट्टीवर वेळ लिहिली आहे, रात्री नऊ वाजून दहा मिनिटं. कोपऱ्यात निळ्या शाईत दोन शब्द आहेत : ‘ईसीजी नॉर्मल’.

छातीत कळ सुरू झाली होती साडेआठला. नऊला तो आपल्यापैकी एकाच्या दवाखान्यात पोचला. म्हणजे रुग्णानं अजिबात वेळ घालवला नव्हता. तिथे ईसीजी निघाला, पित्ताचं इंजेक्शन मिळालं, थोडं बरं वाटलं आणि साडेनऊला तो घरी गेला. एक वाजता पुन्हा कळ आली आणि थांबलीच नाही. पावणेतीनला काढलेल्या पट्टीवर व्ही-१ पासून व्ही-५ पर्यंत एसटी इतका उचललेला होता की तो कुठे संपतो आणि टी कुठे सुरू होते, हेही कळत नव्हतं. रुग्ण वाचला. पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं, आणि आता शेताच्या बांधापर्यंत चालत गेलं तरी त्याला मध्ये दोनदा बसावं लागतं.

हे पत्र लिहिणारा फिजिशियन त्या रात्री ड्युटीवर होता. सकाळी त्यानं नऊ दहाची पट्टी खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिली. एसटी जागेवरच होता. व्ही-२ ते व्ही-४ मधल्या टी तेवढ्या जरा उंच आणि बुडाशी रुंद होत्या. एवढ्यावरून रात्री नऊ वाजता कोणी छातीठोकपणे अटॅकचं निदान केलं असतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. चूक वाचण्यात फारशी नव्हती. ती एका पट्टीवर थांबण्यात होती. वीस मिनिटांनी दुसरी पट्टी काढली असती, तर बहुधा ती बोलली असती.

अशा पिशव्या आणि अशा पट्ट्या वारंवार येतात, म्हणून हे पत्र. गावाचं किंवा डॉक्टरांचं नाव त्यात नाही, कारण तक्रार कोणा एकाची नाही. आणि आपल्याविषयी आदर नसता तर पत्र लिहिण्याचं कारणच नव्हतं. छातीत दुखणारा माणूस आधी आपल्याकडे येतो. आपली पदवी एमबीबीएस असो, बीएएमएस असो की बीएचएमएस, रात्री दार वाजवल्यावर उघडणारे आपणच असता. कार्डिऑलॉजिस्ट साठ किलोमीटरवर असतो. म्हणूनच त्या रुग्णाचं पुढचं आयुष्य पहिल्या अर्ध्या तासात आपल्या टेबलावर ठरतं.

भारतातल्या पन्नास शहरांमधल्या २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवणारा ‘क्रिएट’ हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एसटी एलेव्हेशनच्या अटॅकमध्ये कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला त्यातल्या रुग्णांना लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास! त्या सहा तासांतले काही रुग्णाच्या ‘सकाळी बघू’मध्ये जातात, काही रस्त्यात जातात. पण काही आपल्या खात्यावर पडतात, आणि बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

पहिली तक्रार त्या दोन शब्दांची. बारा लीडच्या कागदावर साधारण दहा सेकंदांचं हृदय उमटतं. रक्तवाहिनीतली गुठळी मात्र दहा सेकंदांसाठी तयार होत नाही. ती वाढते, थोडी विरघळते, वाट मोकळी होते, पुन्हा बंद होते. कळ कमी झालेल्या क्षणी पट्टी काढली तर ती साळसूद दिसू शकते. अमेरिकेतल्या हार्ट अटॅकच्या राष्ट्रीय नोंदवहीतले ३,९१,२०८ रुग्ण घेऊन केलेला अभ्यास २००१ साली छापून आला. त्या सर्वांना अटॅक आलेला होता. तरीही त्यांच्यापैकी जवळजवळ आठ टक्के लोकांचा पहिला ईसीजी नॉर्मल होता. या ‘नॉर्मल’वाल्यांपैकी ५.७ टक्के रुग्णालयातच दगावले. शंभरातले जवळपास सहा! पहिल्या नॉर्मल पट्टीवर घरी पाठवताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

म्हणून पहिली विनंती साधी आहे. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत पहिला ईसीजी निघावा. केसपेपर, फी, वजन-उंची हे सगळं नंतर. कळ चालू असेल तर पहिल्या तासात दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढावा. कळ वाढली, थांबली किंवा तिची जागा बदलली, तर तेवढ्यासाठी आणखी एकदा. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक ठेवून पाहाव्यात, कारण फरक शेजारी ठेवल्यावरच दिसतो. आणि कोपऱ्यात ‘नॉर्मल’ न लिहिता ‘या वेळी बदल दिसत नाही’ असं वेळेसकट लिहावं. शब्द बदलला की पुढचं पाऊलही बदलतं. ‘नॉर्मल’ लिहिल्यावर हात आपोआप पित्ताच्या इंजेक्शनकडे वळतो; ‘या वेळी’ लिहिल्यावर पुढच्या वेळेचा विचार करावाच लागतो.

ट्रोपोनिनची कार्ड टेस्ट याला पर्याय नाही. कळ सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ती निगेटिव्ह येऊ शकते. रुग्ण लवकर आला, टेस्ट निगेटिव्ह आली आणि त्या बळावर तो घरी गेला, असं झालं तर लवकर येण्याची शिक्षाच त्याला मिळाली.

पित्ताच्या इंजेक्शननं बरं वाटलं म्हणजे पित्तच, हा समजही सोडावा लागेल. हृदयाची कळ स्वतःहून कमी-जास्त होते. इंजेक्शन दिलं त्याच सुमाराला ती ओसरली, तर श्रेय इंजेक्शनला जातं. सोड्यानं ढेकर आला आणि मोकळं वाटलं, हे निदान होत नाही.

दुसरी तक्रार मशीननं छापलेल्या ओळीबद्दल आहे. नव्या मशीनवर पट्टीच्या माथ्यावर इंग्रजीत निष्कर्ष येतो, आणि कित्येकदा खालचा आलेख न पाहता तोच चिठ्ठीवर उतरवला जातो. मशीन हादऱ्यांना एसटी समजतं, आणि खरा बारीक उचललेला एसटी सोडून देतं. माणसंही चुकतात, हे मान्य. ईसीजी वाचण्याच्या अचूकतेवरच्या अनेक अभ्यासांचा २०२० साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात खास प्रशिक्षणाआधी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांची उत्तरं साधारण ६९ टक्के वेळा बरोबर आली आणि हृदयरोगतज्ज्ञांची ७५ टक्के वेळा. तज्ज्ञही चारात एकदा चुकतो, तर आपण घाबरण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या डोळ्यांना पट्टी दाखवण्यात कमीपणाही नाही.

दुसऱ्या डोळ्यांची ही कल्पना ईसीजीइतकीच जुनी आहे. हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइंटहोव्हेननं विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत स्ट्रिंग गॅल्व्हॅनोमीटर बनवला. यंत्र शेकडो किलोंचं, चालवायला पाच माणसं. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायचे, की आलेख निघायचा. एवढं धूड इस्पितळात नेता येईना. मग १९०५ साली त्यानं टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर अंतरावरच्या इस्पितळातल्या रुग्णाचा आलेख आपल्या प्रयोगशाळेत काढला. नोबेल त्याला १९२४ साली मिळालं. ज्या कामासाठी त्याला तार ओढावी लागली, ते काम आपल्या खिशातला फोन एका फोटोत करतो. फक्त फोटो सरळ वरून, उजेडात, पट्टीवर सावली न पाडता काढावा, आणि बाराही लीड त्यात याव्यात. निम्म्या पट्टीचे फोटो पाहून निदान करायची वेळ पत्रलेखकावर नेहमी येते.

पट्टी कशी वाचावी, हे आपल्याला माहीत आहे. तरीही ज्या जागा निसटतात त्यांच्यापाशी थोडं थांबणं भाग आहे.

शेजारच्या दोन लीडमध्ये एसटी एक मिलिमीटर वर, हा नियम सर्वांना पाठ आहे. व्ही-२ आणि व्ही-३ यांना मात्र वेगळं माप आहे : चाळिशीपुढच्या पुरुषाला दोन मिलिमीटर, चाळिशीच्या आतल्या पुरुषाला अडीच, स्त्रीला दीड. स्त्रीचा दीड मिलिमीटर पुरुषाच्या मापानं मोजून सोडून दिला जातो. शिवाय ही मापं म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. क्यूआरएस छोटा असेल तर अर्धा मिलिमीटरही बोलका असतो.

खालच्या भिंतीचा अटॅक लीड-२, लीड-३ आणि एव्हीएफमध्ये दिसतो. पण त्याची चाहूल पुष्कळदा आधी एव्हीएलमध्ये लागते. लीड-३ मध्ये नजरेत भरण्याजोगं काही नसतं, आणि एव्हीएलमध्ये एसटी किंचित खाली वाकलेला किंवा टी उलटलेली असते. एव्हीएलकडे कोणी पाहत नाही. छातीत दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या पट्टीवर लीड-३ पाहिल्यावर नजर थेट एव्हीएलवर नेण्याची सवय लावावी, ही कळकळीची विनंती.

आता एक कबुली. पत्रलेखक निवासी डॉक्टर असताना एका रात्री पन्नाशीचा एक गृहस्थ आला. पट्टीवर व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खाली गेलेला, आर उंच, टी सरळ उभ्या. पत्रलेखकानं ‘इस्केमिया’ असं लिहिलं, हेपरिन सुरू केलं आणि पहाटेची वाट पाहिली. सकाळी राउंडला वरिष्ठांनी काही न बोलता ती पट्टी उलटी केली, वरची बाजू खाली आणि दर्शनी बाजू पाठीमागे, आणि कंदिलाच्या काचेसारखी खिडकीच्या उजेडात धरली. पाठीमागून दिसणाऱ्या आलेखात क्यू होती, उचललेला एसटी होता, उलटी टी होती. हृदयाच्या मागच्या भिंतीचा ताजा अटॅक. पुढच्या लीडला मागच्या भिंतीचं प्रतिबिंब उलटं दिसतं, आणि रात्रभर ते उलटंच वाचलं गेलं होतं. तो रुग्ण तिसऱ्या दिवशी गेला. रात्री गुठळी फोडण्याचं औषध मिळालं असतं तर वाचला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण ती संधी त्याला मिळायला हवी होती, आणि ती हुकली ती पत्रलेखकाच्या हातून.

म्हणून पुढच्या लीडमध्ये एसटी खाली दिसला की व्ही-४, व्ही-५, व्ही-६ च्या तारा काढून पाठीवर त्याच पातळीला लावाव्यात : काखेच्या मागच्या रेषेवर एक, खवाट्याच्या टोकाखाली एक, मणक्याच्या डाव्या कडेला एक. रुग्णाला थोडं कुशीवर वळवलं की दोन मिनिटांचं काम. तिथे अर्धा मिलिमीटर एसटी उचललेला दिसला तरी पुरे.

उजव्या बाजूचंही तसंच. खालच्या भिंतीच्या अटॅकपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांत हृदयाचा उजवा कप्पाही सापडलेला असतो. अशा रुग्णाच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली की रक्तदाब धाडकन खाली येतो आणि माणूस डोळ्यांदेखत काळानिळा पडतो. छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट, हा आपल्याकडचा रिवाज आहे; घरोघरी पाकिटात ती गोळी असते. तिच्याआधी रक्तदाब पाहावा आणि व्ही-४ ची तार छातीच्या उजव्या बाजूला त्याच जागी लावून एक पट्टी काढावी. लैंगिक दुर्बलतेवरची गोळी घेतली आहे का, हेही बायकामुलांना बाहेर थांबवून विचारावं. लाजेपोटी हा प्रश्न टाळला जातो.

सर्वांत फसवी पट्टी असते ती कळ थांबलेल्या माणसाची. रुग्ण खुर्चीत बसून सांगतो, ‘काल रात्री दुखत होतं, आता काही नाही.’ व्ही-२, व्ही-३ मध्ये टी आधी वर जाऊन मग खाली वळलेली, किंवा खोल खड्ड्यासारखी उलटलेली. एसटी जागेवर. नेदरलँड्समध्ये हाइन वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हा नमुना वर्णन केला. त्यांच्या १४५ रुग्णांपैकी २६ जणांत तो सापडला. त्यांतल्या शस्त्रक्रिया न झालेल्या १६ जणांपैकी १२ जणांना काही आठवड्यांतच पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक आला. आपल्याकडे अशा रुग्णाला कोणती चिठ्ठी मिळते? ‘स्ट्रेस टेस्ट करून घ्या.’ पुढच्या भिंतीची मुख्य वाहिनी धाग्याएवढी उरलेल्या माणसाला ट्रेडमिलवर पळवणं म्हणजे त्याला कड्याच्या टोकावर नेणं. अशा टी दिसल्या की स्ट्रेस टेस्ट नको. त्याच दिवशी दाखल करून अँजिओग्राफीसाठी पाठवणं, एवढंच योग्य.

डी विंटर यांनी २००८ साली मांडलेला नमुनाही ध्यानात ठेवावा : व्ही लीडमध्ये एसटी जरा खाली उतरून तिरका वर चढतो आणि उंच टीमध्ये मिसळतो. त्यांच्या १,५३२ रुग्णांत हा ३० जणांत, म्हणजे दोन टक्क्यांत होता. दुर्मीळ खरा, पण दिसला की वाहिनी बंद आहे असंच धरायचं, एसटी वर जाण्याची वाट पाहायची नाही. आणि एव्हीआर ही ओवाळून टाकलेली लीड नव्हे. तिथे एसटी वर आणि बाकी सात-आठ लीडमध्ये खाली असेल, तर मुख्य वाहिनी किंवा तिन्ही वाहिन्या धोक्यात असू शकतात.

उलट्या बाजूची चूकही होते. सडपातळ तरुणाच्या व्ही लीडमध्ये एसटी जन्मापासून वर असू शकतो. हृदयावरच्या आवरणाला सूज आली तर तो जवळजवळ सर्वच लीडमध्ये वर जातो. रक्तदाबानं जाड झालेल्या हृदयात, डाव्या बंडल ब्रँच ब्लॉकमध्ये, पोटॅशियम वाढल्यावरही पट्टी फसवते. महाधमनी फाटल्याची कळ पाठीत फाडल्यासारखी येते आणि दोन्ही हातांचा रक्तदाब वेगवेगळा लागतो. तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर तो घात आहे. म्हणून पट्टी एकटी वाचायची नसते. शेजारी माणूस असतो, त्याचा घाम असतो, त्याची मूठ असते.

तिसरी तक्रार लिहिताना संकोच होतो, पण लिहिली नाही तर हे पत्र अपुरं राहील. स्त्रियांचा ईसीजी आपल्याकडे नीट निघत नाही. छोट्या दवाखान्यात पडदा नसतो, बाहेर बाकड्यावर माणसं, ईसीजी काढणारा मुलगा विशीतला. पन्नाशीची बाई पदर सोडायला तयार नसते, आणि तिला आग्रह करायला कोणालाच आवडत नाही. मग व्ही-१, व्ही-२ चे बल्ब चौथ्या बरगडीच्या खाचेऐवजी गळ्याच्या हाडाजवळ लागतात, व्ही-४ स्तनाखाली न जाता वर ब्लाउजच्या कडेला. जागा एक-दोन बरगड्यांनी सरकली की आलेखही सरकतो. नसलेला जुना अटॅक दिसतो, असलेला नवा झाकला जातो. कधी कधी तर ‘बाईमाणूस आहे, गॅसेस असतील’ म्हणून पट्टी निघतच नाही. अमेरिकेतल्या दहा इस्पितळांमधल्या १०,६८९ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अटॅक असूनही चुकून घरी पाठवल्या गेलेल्यांत पंचावन्नच्या आतल्या स्त्रिया, दुखण्याऐवजी दम लागण्याची तक्रार घेऊन आलेले आणि पहिला ईसीजी निर्वाळा न देणारा असलेले रुग्ण, यांचं प्रमाण जास्त होतं. जबडा दुखतो, पाठीत भरून आलंय, मळमळतंय, हात गळून गेलेत, असं सांगत येणारी आपल्या गावची बाई यात सहज बसते.

तीनशे रुपयांचा पडदा, एक स्वच्छ चादर, आणि नर्स नसेल तर घरातली एखादी बाई शेजारी उभी. मागणी एवढीच आहे.

वयाचंही तेच. ‘चाळिशी नाही झाली, कसला अटॅक?’ हे वाक्य फार ऐकू येतं. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक मध्यम ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत तो ५८.८ व्या वर्षी. जवळजवळ सहा वर्षं आधी! तंबाखूची चुना लावलेली चिमूट दिवसातून दहा वेळा ओठाखाली ठेवणारा पस्तिशीचा ट्रकचालक तरुण म्हणून सूट मागू शकत नाही.

पट्टी वाचली, शंका आली, पुढे काय? इथे आपल्या हातात किती मोठी शक्ती आहे याची जाणीव करून द्यावीशी वाटते. इटलीतल्या ‘गिसी’ अभ्यासात १९८६ साली दिसलं की कळ सुरू झाल्यापासून तासाभरात स्ट्रेप्टोकायनेज दिलं तर इस्पितळातले मृत्यू ४७ टक्क्यांनी घटतात. १९८८ च्या ‘आयसिस-२’मध्ये १७,१८७ रुग्ण होते. त्यात नुसत्या ॲस्पिरीननं पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले, आणि ॲस्पिरीन व स्ट्रेप्टोकायनेज मिळून ४२ टक्क्यांनी. चघळायची ॲस्पिरीन अगदी स्वस्तात मिळते. ॲलर्जी, रक्तस्राव किंवा महाधमनीची शंका नसेल, तर ती चघळायला न देता रुग्ण पुढे पाठवणं अक्षम्य आहे. हा एवढा कठोर शब्द पत्रात एकदाच वापरला आहे.

दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्याची खात्री नसेल, तर निदानापासून दहा मिनिटांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हावं असं आजचं शास्त्र सांगतं. ते आपल्या दवाखान्यात शक्य नसेल, पण जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असू शकतं. गोव्यात स्टेमी प्रकल्पामध्ये लहान केंद्रातला ईसीजी तिथूनच तज्ज्ञांपर्यंत पोचतो, इंजेक्शन तिथेच मिळतं आणि मग रुग्ण बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात हलवला जातो. महाराष्ट्रातही सरकारी रुग्णालयांसाठी अशाच धर्तीचा प्रकल्प सुरू झाला आहे. आपल्या तालुक्यात हे इंजेक्शन रात्री कुठे मिळतं, याची चौकशी आजच करून ठेवावी. रुग्ण घामाघूम होऊन टेबलावर आल्यावर ती करायची नसते. आणि रुग्णाला मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसवून पाठवू नये. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. ती येईपर्यंत त्याला झोपवून ठेवावं, शेजारी कोणी तरी असावं.

इथे आपल्या बाजूची तक्रारही मांडली पाहिजे, नाही तर पत्र एकतर्फी होईल. मोठ्या गावातले आम्ही फिजिशियन आणि कार्डिऑलॉजिस्ट रात्री फोन उचलत नाही. उचलला तर नातेवाइकांसमोर आपल्याला टाकून बोलतो, ‘एवढा वेळ काय करत होतात?’ असं विचारतो. पाठवलेला रुग्ण कसा आहे, पट्टीत नेमकं काय होतं, हे उलट कधी कळवत नाही. मग पुढच्या वेळी शंका आली तरी आपला हात फोनकडे जात नाही. हा दोष आमचा आहे. पत्रलेखकानं आपल्यापुरता एक नेम केला आहे : आलेल्या प्रत्येक ईसीजीच्या फोटोला उत्तर द्यायचं, आणि रुग्ण घरी गेल्यावर पाठवणाऱ्या डॉक्टरांना अँजिओग्राफीत काय निघालं ते सांगायचं. इतर सहकाऱ्यांनीही तो करावा, अशी त्यांनाही याच पत्रातून विनंती.

आणखी एक, कागदाबद्दल. छातीत दुखणाऱ्या माणसाचा जुना ईसीजी हाताशी असला की अर्धं कोडं सुटतं. हा ब्लॉक जुना की आजचा? ही उलटी टी दोन वर्षांपूर्वीही होती का? पण ईसीजीचा कागद उष्णतेनं उमटणारा असतो. उन्हात, प्लास्टिकच्या लॅमिनेशनमध्ये, चिकटपट्टीखाली तो काळवंडतो नाही तर कोरा होतो. लग्नपत्रिकेसारखा जपून ठेवलेला पांढरा कागद रुग्ण मोठ्या विश्वासानं पुढे करतो, आणि त्यावर काहीच नसतं. पट्टी काढल्यावर तिची झेरॉक्स किंवा रुग्णाच्याच फोनवर फोटो, एवढं द्यावं. पट्टी आपल्या फायलीत ठेवून घेऊ नये. तिची खरी गरज दुसऱ्या गावात, दुसऱ्या रात्री पडते.

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातल्या बीएएमएस डॉक्टरांनी पाठवलेली एक्कावन्न वर्षांची अंगणवाडी सेविका विभागात आली. तक्रार होती जबड्यात आणि पाठीत भरून येण्याची, दोनदा उलटी. तिच्यासोबत तीन पट्ट्या टाचणीनं एकत्र लावलेल्या. पहिलीवर पेनानं लिहिलं होतं, ‘६.०५, दुखतंय, बदल दिसत नाही.’ दुसरीवर, ‘६.२५, दुखतंय, एव्हीएल खाली?’ त्या प्रश्नचिन्हावर पत्रलेखकाची नजर बराच वेळ खिळली होती. तिसरीवर, ‘६.४०, २-३-एव्हीएफ वर. उजवी बाजू काढली, सॉर्बिट्रेट दिली नाही. ॲस्पिरीन ६.३०.’ फोटो ६.४२ ला फोनवर आला होता. सात वाजून पाच मिनिटांनी ग्रामीण रुग्णालयात तिला इंजेक्शन सुरू झालं. विभागात पोचली तेव्हा तिची कळ थांबलेली होती, एसटी खाली आलेला होता, आणि ती विचारत होती की उद्याची पोषण आहाराची नोंद कोण भरणार.

त्या डॉक्टरांचं मशीन जुनं, एकाच चॅनेलचं आहे. लांब फीत निघते आणि कात्रीनं कापून कागदावर चिकटवावी लागते.

कळावे, लोभ असावा.

आपला व्यवसायबंधू,
जिल्ह्याच्या गावातला एक फिजिशियन

ता. क. : आपल्या ईसीजी मशीनवरचं घड्याळ आज एकदा तपासावं. बऱ्याच मशीनवर तारीख आणि वेळ चुकीची असते, आणि मग दोन पट्ट्यांपैकी आधीची कोणती, हेच पुढच्या डॉक्टरला कळत नाही. घड्याळ लागत नसेल, तर पट्टी निघाल्या निघाल्या मनगटावरची वेळ पेनानं लिहावी. कागदाचा एक जादा रोलही कपाटात असू द्यावा.